कॉलवर आपलाच आवाज परत का येतो? आणि चूक नेमकी कोणाकडे शोधायची?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण फोनवर ऑर्डर घेताना पाळायच्या पाच गोष्टी बघितल्या. त्यातली चौथी गोष्ट, म्हणजे आवाज घुमणं, मी दीड मिनिटात उरकली. खरं तर तीच सगळ्यात महाग पडते. मला पडली आहे. म्हणून इथे निवांत लिहितो. चहा घेऊन बसा.

आधी माझा किस्सा सांगतो, म्हणजे विषय का घेतला ते कळेल.

पोखर्णीत माझं दुकान आहे. किराणा आहे, शिवाय आपल्या भागातली तूरडाळ आणि ज्वारी पॅक करून बाहेरगावी पाठवतो. तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका सोसायटीकडून विचारणा आली. वीस-बावीस घरांची एकत्र मागणी, तीन क्विंटल डाळ आणि ज्वारी वेगळी. माझ्यासाठी मोठी ऑर्डर. त्या ताईंनी व्हॉट्सॲपवर कॉल केला. मी नेहमीप्रमाणे फोन काउंटरच्या काचेवर ठेवला, स्पीकर चालू केला, आवाज फुल्ल केला आणि एकीकडे गिऱ्हाईक बघत बोलू लागलो.

दोन मिनिटांत ताई म्हणाल्या, "दादा, आवाज घुमतोय हो."

मी म्हणालो, "ताई, तुमच्याकडे नेट स्लो असेल. जरा बाहेर येऊन बोला."

त्या बिचाऱ्या गॅलरीत आल्या. तरी तेच. मी म्हणालो, "हेडफोन लावून बघा." त्यांनी लावला. तरी तेच. भाव सांगायचा, पॅकिंग सांगायचं, वाहतूक कोणाकडे ते सांगायचं, प्रत्येक वाक्याला त्या अडखळायच्या. शेवटी "मी नंतर करते" म्हणून फोन ठेवला. नंतर काही फोन आला नाही. ऑर्डर दुसरीकडे गेली.

बरेच महिने मी हेच सांगत फिरलो की पुण्याच्या पार्टीचं नेट खराब होतं. मला माझ्याकडे सगळं स्वच्छ ऐकू येत होतं ना! मग चूक माझी कशी असेल?

मंडळी, चूक माझीच होती. आणि मला स्वच्छ ऐकू येत होतं, म्हणूनच ती मला कळली नाही. आजच्या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा:

ज्याला स्वतःचा आवाज परत ऐकू येतो, त्याच्याकडे बहुतेक वेळा काहीच बिघडलेलं नसतं. बिघाड समोरच्याकडे असतो, आणि समोरच्याला त्याचा पत्ताच नसतो.

आता असं का, ते नीट समजून घेऊ.

प्रतिध्वनीला दोन गोष्टी लागतात

शाळेत आपण प्रतिध्वनी शिकलो. समोर भिंत किंवा डोंगर हवा, तो किमान १७ मीटरच्या आसपास लांब हवा, तर आपला आवाज वेगळा होऊन परत ऐकू येतो. कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. १७ मीटर जाऊन १७ मीटर परत यायला त्याला एक दशांश सेकंद लागतो. त्याहून लवकर परत आला तर मूळ आवाजातच मिसळून जातो.

म्हणजे प्रतिध्वनीला दोन गोष्टी लागतात. एक, आवाज परत यायला वाट. दोन, परत यायला लागणारा उशीर. दोन्हींपैकी एक नसेल तर प्रतिध्वनी नाही.

विजापूरचा गोलघुमट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेच्या सहलीत बघितला असेल. १६५६ च्या सुमारास बांधून झालेला, आदिलशाहीतला. घुमटाचा आतला व्यास साधारण ३८ मीटर. एका बाजूला उभं राहून हाक मारली की आवाज समोरच्या भिंतीवर जाऊन परत यायला ७६ मीटरचा प्रवास. हिशोब करा, ०.२२ सेकंद. हा आकडा लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

फोनमध्ये परतीची वाट कुठून येते?

माझ्याच दुकानातलं उदाहरण घेऊ. पुण्याच्या ताई बोलल्या. त्यांचा आवाज नेटवरून माझ्या फोनपर्यंत आला आणि स्पीकरमधून मोठ्याने बाहेर पडला. काचेच्या काउंटरवर आपटला, वरच्या पत्र्यावर आपटला. माझ्या फोनचा माइक तिथेच, स्पीकरपासून बोटभर अंतरावर. माइकला काय कळतं, हा आवाज माझा की ताईंचा? कानावर पडलं ते त्याने उचललं आणि पुण्याला परत पाठवून दिलं.

ताईंनी "भाव काय?" विचारलं की थोड्या वेळाने त्यांच्याच कानात "भाव काय?" आलं. मला मात्र त्यांचा आवाज एकदाच ऐकू आला. कारण ताईंचा फोन त्यांच्या कानाला होता, त्यांच्याकडून माझा आवाज परत फिरत नव्हता.

त्यांनी हेडफोन लावून काही उपयोग झाला नाही, तो याचमुळे. त्यांच्याकडचं दार बंदच होतं. उघडं होतं माझं.

परतीच्या वाटा मुख्य अशा:

१. स्पीकरमधून माइकमध्ये. सगळ्यात जास्त वेळा हेच असतं.

२. एकाच खोलीत दोन उपकरणं एकाच मीटिंगमध्ये. लॅपटॉपवर मीटिंग चालू, आणि शेजारी मोबाइलवरही तीच जॉइन केलेली. इथे आवाज गोल गोल फिरतो, वाढत जातो आणि शेवटी शिट्टी वाजते.

३. स्वस्तातला वायरवाला इअरफोन. त्याच्या बारीक वायरमध्ये ऐकण्याचा आणि बोलण्याचा सिग्नल अगदी शेजारी शेजारी असतो. वायर हलकी असेल तर एकातलं दुसऱ्यात झिरपतं. खोलीत आवाज नसतानाही प्रतिध्वनी येतो तो असा.

४. नेटवरून केलेला कॉल जुन्या तांब्याच्या तारेच्या लँडलाइनवर जातो तेव्हा. लँडलाइनमध्ये जाणारा आणि येणारा आवाज एकाच जोडतारेवर असतो. पुढे नेटवर्कमध्ये दोघांच्या वाटा वेगळ्या होतात. जिथे वेगळ्या होतात त्या जोडावर थोडा आवाज उलटा फिरतो. हे आपल्या हातात नाही. अशा वेळी सरळ "मोबाइल नंबर देता का?" म्हणावं.

मग पूर्वी असं का होत नव्हतं?

परवा एका काकांनी विचारलं, "आमच्या काळ्या फोनवर कधी घुमायचं नाही, तुमच्या या नवीन नेटवरच कसं घुमतं?" प्रश्न एकदम बरोबर आहे.

काळ्या फोनवरही आपला आवाज आपल्याला ऐकू यायचा. तो मुद्दाम थोडा ऐकवला जायचा, म्हणजे फोन चालू आहे हे कळावं. पण तो लगेच यायचा. उशीर नाही, म्हणून प्रतिध्वनी नाही. वाट होती, उशीर नव्हता.

नेटच्या कॉलमध्ये उशीर कुठून येतो? लोक म्हणतात अंतरामुळे. चला, हिशोब करू. आपल्यापासून पुणे धरा ४०० किलोमीटर. ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे पुण्याला जायला लागले २ मिलिसेकंद. एका सेकंदाचे हजार भाग केले त्यातले फक्त दोन! आडवळणाने गेला तरी चार-पाच. अंतराचा दोष नाही.

उशीर होतो तो पॅकिंगमध्ये. आपण डाळ पाठवताना काय करतो? आधी पिशवी भरेपर्यंत थांबतो, मग सील करतो, मग ट्रान्सपोर्टच्या गाडीची वाट बघतो. आवाजाचंही तसंच. फोन आधी साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज गोळा करतो, तो दाबून छोटा करतो, पुडी बांधून पाठवतो. या पुड्या वाटेत मागेपुढे होतात. त्यामुळे घेणारा फोन आलेली पुडी लगेच वाजवत नाही. थोड्या पुड्या साठवतो, ओळीत लावतो, मग वाजवतो. नेट जितकं डळमळीत तितका हा साठा मोठा ठेवावा लागतो. त्यात तुम्ही ब्लूटूथ लावलं असेल तर आणखी शंभर-दीडशे मिलिसेकंद सहज वाढतात.

हे सगळं मिळून एका बाजूचा उशीर १०० ते १५० मिलिसेकंद व्हायला वेळ लागत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारसही अशी आहे की एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, म्हणजे बोलणं सहज चालतं. पण प्रतिध्वनीला जाऊन परत यायचं असतं, म्हणून दुप्पट धरा. २०० ते ३०० मिलिसेकंद.

आता गोलघुमटाचा आकडा आठवा. ०.२२ सेकंद म्हणजे २२० मिलिसेकंद. मंडळी, माझ्या दहा बाय पंधराच्या दुकानात फोन काचेवर ठेवून मी त्या ताईंना गोलघुमटात उभं करून भाव विचारायला लावत होतो!

आणि एक गैरसमज इथेच काढून टाकू. स्लो नेट प्रतिध्वनी तयार करत नाही. वाट आधीच उघडी असते. नेट बिघडलं की उशीर वाढतो आणि लपलेला प्रतिध्वनी उघडा पडतो. म्हणून नुसतं रिचार्ज बदलून हा प्रश्न सुटत नाही.

हा त्रास आपल्याआधी आर्वीने बघितला

हा प्रश्न नेटच्याही आधीचा आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वी नावाचं गाव आहे. १९७१ मध्ये तिथे विक्रम उपग्रह भू-केंद्र सुरू झालं. परदेशी फोन उपग्रहामार्फत लावणारं हे देशातलं पहिलं व्यावसायिक केंद्र. तो उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर वर. आवाज वर जाणार, खाली येणार, म्हणजे ७२,००० किलोमीटर. प्रकाशाच्या वेगाने गेला तरी पाव सेकंद. प्रतिध्वनी परत यायला अर्धा सेकंद. इतक्या उंचीवरच्या उपग्रहाच्या फोनवर हा उशीर टाळताच येत नाही.

यावर पहिला उपाय होता तो आडदांड. एक जण बोलतोय तोवर दुसऱ्या बाजूची वाट बंदच करून टाकायची. प्रतिध्वनी थांबला, पण समोरच्याने मध्येच "हो" म्हटलं तर तेही कापलं जायचं. भांडण करायचीही सोय नाही!

मग अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये वेगळा विचार झाला. वाट बंद करायची नाही, फक्त परत येणारा आवाज ओळखून वजा करायचा. या कामात एक महत्त्वाचं नाव आपल्या माणसाचं आहे, मनमोहन सोंधी. दिल्ली विद्यापीठ आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था इथे शिकून ते पुढे अमेरिकेत गेले. १९६७ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला, स्वतःहून शिकत जाणाऱ्या प्रतिध्वनी वजा करणाऱ्या यंत्रणेवर. आज तुमच्या खिशातला फोन प्रत्येक कॉलला याच विचारावर काम करतो.

फोन आवाज वजा कसा करतो? काट्यावरचा धडा

हे समजायला आपल्याला इंजिनिअर व्हायची गरज नाही. आपण रोज काट्यावर हेच करतो.

गिऱ्हाईक स्वतःचा डबा घेऊन येतो. डाळ डब्यासकट मोजली तर डब्याचं वजन त्यात येईल. म्हणून आधी रिकामा डबा ठेवतो, काट्यावर शून्य करतो, मग डाळ ओततो. आपले वडीलधारे याला धडा करणं म्हणायचे.

फोनच्या माइकला जे ऐकू येतं ते म्हणजे डबा अधिक डाळ. डाळ म्हणजे तुमचा आवाज. डबा म्हणजे स्पीकरमधून निघून परत आलेला समोरच्याचा आवाज. फोनला हे माहीत असतं की आपण आत्ता स्पीकरवर काय वाजवलं. तो अंदाज बांधतो की या खोलीत तो आवाज माइकपर्यंत कसा, किती उशिरा, किती बारीक होऊन पोहोचेल. तेवढं वजा करतो. उरली ती डाळ, ती पुढे पाठवतो.

हा अंदाज फोन कॉल चालू असताना शिकतो. म्हणूनच बऱ्याचदा कॉलच्या सुरुवातीला दोन-तीन सेकंद घुमतं आणि मग आपोआप थांबतं. धडा होतोय, थोडं थांबा.

मग धडा चुकतो कधी?

• डबा हलला तर. तुम्ही फोन काउंटरवरून उचलला, हातात घेतला, मग गल्ल्याजवळ ठेवला. प्रत्येक वेळी आवाजाची वाट बदलते. फोनला परत पहिल्यापासून शिकावं लागतं.

• डबा वाकडा झाला तर. आवाज फुल्ल केला की छोटा स्पीकर फाटल्यासारखा वाजतो, फोनचं अंगही थरथरतं. आता जे बाहेर पडतंय ते फोनने पाठवलं तसं राहिलेलंच नाही. मग वजा काय करणार? माझी मुख्य चूक ही होती.

• दोघं एकदम बोलले तर. डबा आणि डाळ एकदमच काट्यावर आले. फोन गोंधळतो. एक तर प्रतिध्वनी सुटतो, नाही तर तुमचेच शब्द कापले जातात.

• बाहेरचा स्पीकर लावला तर. टीव्हीला किंवा ब्लूटूथ स्पीकरला आवाज दिला की तो किती उशिरा वाजतोय ते फोनला किंवा लॅपटॉपला नीट कळत नाही. धडा एका वेळचा, वजन दुसऱ्या वेळचं.

कोणाला काय ऐकू येतंय, त्यावरून दोष ओळखा

हा भाग वहीत लिहून काउंटरला चिकटवा.

तुम्हाला तुमचाच आवाज येतोय: वाट समोरच्याकडे उघडी आहे. तुमचा हेडफोन बदलू नका, पैसे वाया जातील. समोरच्याला म्हणा, "दादा, स्पीकर बंद करून फोन कानाला लावता का?"

समोरचा म्हणतोय की त्याचा आवाज परत येतोय: दोष तुमच्याकडे. वाद घालू नका. फोन कानाला लावा किंवा आवाज निम्म्यावर आणा.

ग्रुप मीटिंगमध्ये सगळ्यांना स्वतःचा आवाज येतोय, फक्त एकाला येत नाही: ज्याला येत नाही तोच गुन्हेगार! त्याला म्यूट करून बघा, लगेच थांबेल.

शिट्टी वाजतेय: एका खोलीत दोन उपकरणं. एकाचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद करा.

आवाज परत येत नाही, पण विहिरीतून बोलल्यासारखा वाटतो: हा प्रतिध्वनी नाही, हा तुमच्या खोलीचा घुमारा. पत्रा, फरशी, शटर, रिकाम्या भिंती. धडा करणारी यंत्रणा तुमच्या स्वतःच्या आवाजाचा घुमारा काढत नाही. उपाय फुकट आहे, पोत्यांच्या थप्पीजवळ जाऊन बोला. धान्याची पोती आवाज शोषतात. माझे सगळे व्हिडिओ मी तुरीच्या पोत्यांसमोर बसून करतो, स्टुडिओ कुठला आलाय!

शब्द मध्येच तुटतात: बहुतेक वेळा पुड्या वाटेत हरवताहेत. हा मात्र खरंच नेटचा प्रश्न.

आणखी एक चूक कबूल करतो

मागच्या वर्षी बचत गटाच्या महिलांची ऑनलाइन बॅच घेत होतो. एक ताई पहिल्यांदाच बोलायला उभ्या राहिल्या. पापडाचा खर्च कसा काढला ते सांगत होत्या. मध्येच थांबून म्हणाल्या, "सर, माझाच आवाज मला येतोय." मी सवयीने म्हणालो, "ताई, तुमचा मोबाइल बघा जरा." त्या गप्प झाल्या. माइक बंद केला, पुढे तासभर बोलल्या नाहीत.

नंतर बघतो तर, स्क्रीन विद्यार्थ्यांना कशी दिसते ते बघायला मी दुसऱ्या मोबाइलवर तीच मीटिंग उघडून ठेवली होती. माइक चालू. ताईंचा आवाज माझ्या टेबलावरून परत जात होता.

ज्याला पहिल्यांदा बोलायचं धाडस करायचंय, त्याला स्वतःचाच आवाज पाव सेकंद उशिरा ऐकवला तर काय होईल? चांगला सराईत माणूस अडखळतो. त्यात आपण म्हणतो, "चूक तुमच्याकडे आहे." मी पुढच्या तासाला सगळ्यांसमोर त्यांची माफी मागितली. पण आधी हे माहीत असतं तर तो तास वाया गेला नसता.

आजचा गृहपाठ: पाच मिनिटांची चाचणी

१. घरच्या एखाद्या माणसाला दुसऱ्या खोलीत नाही, घराबाहेर पाठवा. त्याला व्हॉट्सॲप कॉल करा. त्याने फोन कानाला लावायचा.

२. तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलता तिथेच फोन ठेवा, तसाच, स्पीकरवर.

३. त्याला एक ते दहा आकडे मोजायला सांगा. तुम्ही बोलू नका. त्याचे आकडे त्याला परत ऐकू येतात का, विचारा.

४. आवाज एक एक पायरी कमी करत जा. ज्या पायरीवर थांबलं ती तुमच्या दुकानाची मर्यादा. त्याच्या वर आवाज न्यायचा नाही.

५. आता फोनखाली घडी घातलेला रुमाल ठेवा आणि परत करा. काच आणि रुमाल यातला फरक तुम्हालाच कळेल.

माझ्या काउंटरवर मर्यादा निघाली निम्म्याच्या जरा वर. मी बोलायचो फुल्लवर.

पुण्याची ती ऑर्डर काही परत आली नाही. पण तेव्हापासून कोणताही मोठा कॉल आला की रामराम झाल्यावर माझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "माझ्याकडून तुमचा आवाज परत तर येत नाही ना?" कारण मला ते कधीच ऐकू येणार नाही, समोरच्यालाच येणार. आणि प्रत्येक गिऱ्हाईक काही तोंडावर सांगत नाही. काही जण नुसतं "नंतर करतो" म्हणतात.

चाचणी करून बघा. पुढच्या व्हिडिओत आपण कॉलवर भाव कसा सांगायचा ते बघणार आहोत. आवाज नीट पोहोचला तरच भाव पोहोचेल, बरं का!

भेटू मग.